आत्याकडे ठेवलेली झोप

देवाने झोप वाटायला काढली तेव्हा आत्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी असणार, असं भिंगरीला लहानपणापासून वाटत आलं होतं. आत्याला बसमध्ये झोप लागायची, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत लागायची, आणि एका लग्नात तर फोटोसाठी सगळं घर ओळीने उभं असताना ती उभ्याउभ्या डुलकी काढून मोकळी झाली होती. तो फोटो अजून घरात आहे. सगळे दात दाखवताहेत, आणि आत्याच्या चेहऱ्यावर अशी शांती आहे की पाहुण्यांना वाटतं, ही कुणीतरी फार पोचलेली बाई असावी.

तशी ती थोडीशी होतीही. रोज पहाटे कुणी न उठवता उठायची, तोंड धुवायची आणि खिडकीपाशी डोळे मिटून बसायची. त्यानंतर सूर्य डोळ्यांना दिसेपर्यंत मौन. शब्द नाही, खूणही नाही, कारण खूण म्हणजे हाताने बोलणंच, असं तिचं म्हणणं. घराला आग लागली असती तर तिने मुकाट्याने बादली भरून आणली असती, पण कुठे लागली ते सांगितलं नसतं. हा तिचा एक नेम. दुसरा नेम घरच्यांना जास्त जड जायचा. ती खोटं बोलत नसे. नवे कपडे कसे दिसतात, हे आत्याला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

आणि आता याच दोन नेमांच्या मधोमध भिंगरीची मोठी शर्यत लटकून राहिली होती.

झालं होतं असं. भिंगरी लांब पल्ल्याची धावपटू. पाळण्यात असल्यापासून एका जागी थांबणं माहीत नाही म्हणून हे नाव पडलेलं. मोठ्या शर्यतीसाठी तीन मुली निवडायच्या होत्या, आणि त्याआधी सगळ्यांना डोंगरावरच्या शिबिरात आणून ठेवलं होतं. उंचावर हवा विरळ. विरळ हवेत राहिलं की शरीर जागं होतं, रक्त वाढवतं, आणि मग खाली उतरून पळायला लागलं की पायांना कुणी मागून ढकलतंय असं वाटतं. सरांचं हे गणित पक्कं होतं. तीन जागांपैकी दोन जवळपास ठरलेल्या. तिसरीवर भिंगरीचा डोळा होता, आणि तिच्या खोलीत राहणाऱ्या जिराफचाही. जिराफ म्हणजे पाय कुठे संपतात आणि मुलगी कुठे सुरू होते ते कळू नये अशी उंच मुलगी. दोघींचं छान जमायचं, फक्त त्या जागेबद्दल दोघी कधी बोलत नसत.

आत्या या शिबिरात मालिश करायला होती. ती भिंगरीची सख्खी आत्या, पण दोन दिवसांत सगळ्या मुलींची आत्या झाली. संध्याकाळी एकेक जण तिच्या खोलीत जायची, पोटऱ्या मोकळ्या करून घ्यायची आणि निजायला जायची. सकाळी पुन्हा पाय सैल करून घ्यायला यायची. सरसुद्धा यायचे, त्यांची पाठ धरायची.

इथपर्यंत सगळं झकास होतं. घोडं पेंड खात होतं ते झोपेपाशी.

डोंगरावर पाय ठेवल्यापासून भिंगरीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लागतोय लागतोय म्हणेपर्यंत छातीत कुणीतरी दार आपटल्यासारखं व्हायचं आणि ती खडबडून जागी व्हायची, जणू श्वास घ्यायचा राहूनच गेला होता. पुन्हा पडावं, तर शेजारच्या खाटेवर जिराफचा श्वास सुरू. आधी भराभर, मग हळू, मग अजिबात नाही. भिंगरी कानात प्राण आणून पडून राहायची. आता घेईल. आता घेईल. मग जिराफच्या नाकात एक बारीक सुसकारा व्हायचा, आणि एक लांबलचक श्वास ओढला जायचा. भिंगरीचा जीव भांड्यात पडायचा, तोवर जिराफ पुन्हा गप्प.

त्यात सरांचा नियम होता: झोप नाही, तर शर्यत नाही. प्रत्येकीला मनगटावर बांधायला एक घड्याळ दिलेलं. कोण किती वेळ आणि किती गाढ झोपलं, ते घड्याळ टिपून ठेवायचं. सकाळी नाश्त्याला सगळ्यांनी घड्याळं एका थाळ्यात ठेवायची, आणि सर चहा पितापिता संगणकावर एकेकीची रेघ बघायचे. मुलींना सांगायचं तर आधी आपण करायचं, म्हणून त्यांनी स्वतःलाही एक घड्याळ घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका गुणी मुलीची रेघ करवतीच्या दातांसारखी निघाली. सरांनी तिला सकाळच्या बसने खाली पाठवलं. बसच्या खिडकीतून ती रडतरडत हात हलवत राहिली, आणि त्या दिवशी भिंगरीने बघितलं, आपली रेघ तिच्यापेक्षा फार काही बरी नाही.

संध्याकाळी ती आत्यासमोर पालथी पडली होती.

"आत्या, तू रात्री माझं घड्याळ घालशील?"

"का गं? हात दुखतो?"

"हात नाही दुखत. झोप लागत नाही."

"मग मी घातलं की तुला लागेल?"

"मला नाही लागणार. पण लागली असं सरांना वाटेल."

आत्याचा अंगठा पोटरीवर थांबला. "हे खोटं झालं, बाई."

"खोटं कसं? तुला बोलायचं कुठे आहे? नुसतं घालायचं. जे काय बोलायचं ते घड्याळ बोलेल."

आत्याने तेलाची बाटली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. भाचीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसत होती.

"मला कुणी विचारलं तर मी खरं सांगणार हो."

"कोण विचारतंय?"

"नाही विचारलं तर आपणहून सांगत सुटायची मला हौस नाही. आण इकडे. पट्टा घट्ट नाही ना याचा?"

दुसऱ्या सकाळी सरांनी भिंगरीला सगळ्यांसमोर उभं केलं.

"बघा," ते म्हणाले. "याला म्हणतात झोप. रेघ बघा, कशी तळ्यासारखी. भिंगरी, मला एकच कळत नाही. पहाटेपासून तू जागी आहेस, पण हलत नाहीस. नाडी अशी संथ, जसं काही बर्फात ठेवलंय. काय करतेस तेव्हा?"

"पडून विचार करते, सर."

"कसला?"

"शर्यतीचा."

सरांनी ते कौतुकाने वहीत लिहून घेतलं. समोर बसलेल्या जिराफला चहाचा ठसका लागला, इतका, की शेजारच्या दोघींनी तिच्या पाठीत थापट्या मारल्या. भिंगरीला वाटलं, हिला आपला हेवा वाटतोय. तिला थोडं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

पण नवल पुढेच होतं. जिराफची रेघही सुधारली. मग आणखी एकीची. बघताबघता सगळ्यांच्याच रेघा तळ्यासारख्या. "हवा मानवली," सर म्हणाले, आणि मानवलेल्या मुलींना आता दोन वेळा चढावर पळवायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या दिवसांत शिबिराला जे झालं त्याला नाव काय द्यावं कळत नाही. कुणी आजारी नव्हतं, कुणी दुःखी नव्हतं, पण एकही माणूस जागेवर नव्हतं. भिंगरी एका दुपारी ताटातल्या उकडलेल्या बटाट्याकडे बघून हसायला लागली. तो बटाटा तिच्या काकांसारखा दिसत होता. ते तिने जिराफला सांगितलं. जिराफने तिच्या काकांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, तरी तीही हसायला लागली, आणि दोघी टेबलाखाली गेल्या. एकीने पावाला दंतमंजन लावून खाल्लं आणि म्हणाली, आज लोणी ताजं आहे. एक जण पळतापळता वाट सोडून सरळ गोठ्यात शिरली आणि तिथल्या गाईला "माफ करा, ताई" म्हणून बाहेर आली.

आणि सर. सर रोज शिट्टी वाजवून पळणं सुरू करायचे. एका सकाळी त्यांनी खिशातून दात घासायचा ब्रश काढला, तोंडात धरला आणि गाल फुगवून फुंकला. मुली ओळीत उभ्या. सरांनी पुन्हा फुंकला. मग ब्रशकडे रागाने बघत म्हणाले, "ओला झालाय." कुणी हसलं नाही. पहिल्या वळणापर्यंत कुणी हसलं नाही. वळणानंतर अख्खा संघ रस्त्याच्या कडेला पोट धरून बसला.

भिंगरीचं हसू मात्र आत आत आंबत होतं. आत्याला कुणी विचारेल, ही धास्ती तिला दिवसभर पुरायची. सर पाठ चोळून घ्यायला गेले की ती दाराबाहेर बुटाची नाडी बांधत बसायची. त्या नाडीला इतक्या वेळा बांधलं की ती तुटली.

"काय म्हणाले गं सर?"

"पाठ धरलीय म्हणाले."

"आणखी?"

"आणखी तू विचारू नकोस. एकीचं दुसरीला सांगत नाही मी." आत्याने लांब बाह्यांचा लोकरी झगा आणखी खाली ओढला. डोंगरावर आल्यापासून आत्या तो झगा काढतच नसे. थंडी होतीच तशी.

एकदा तर जेवताना सरांनी सहज विचारलं, "आत्या, तुम्हाला इथे झोप कशी लागते?"

भिंगरीच्या हातातला दुधाचा पेला गेला. पाठोपाठ जिराफचाही गेला. आत्या शांतपणे म्हणाली, "पुष्कळ लागते, मास्तर. सगळ्यांना पुरून उरेल एवढी." आणि सर, ज्यांना एका उत्तराने कधी समाधान होत नसे, ते यावेळी घाईघाईने हवेबद्दल बोलायला लागले.

मग तो दिवस आला. सरांनी जाहीर केलं की शहरातून एक डॉक्टर येताहेत. उंचावर खेळाडूंची झोप मोडते, असं त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्यांना सर आपल्या मुलींच्या रेघा दाखवणार होते. डॉक्टरांनी मान डोलावली की सगळ्यांनी शिखराजवळच्या झोपडीत राहायला जायचं, निवडीची धाव होईपर्यंत. "इथे एवढी झोप, तर वर काय होईल विचार करा," सर म्हणाले.

भिंगरीने विचार केला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. इथेच श्वास उसना आणावा लागत होता. आणखी वर गेलं तर पळणं राहू दे, चमचा उचलायचं त्राण राहणार नव्हतं. आणि खरं सांगावं, तर सकाळची बस ठरलेली. खिडकीतून हात हलवणारी ती मुलगी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

डॉक्टर आल्या त्या अंगाने बारीक, बोलायला मऊ, आणि हसू आलं की ओठ दाबून धरणाऱ्या. जेवणघराच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि सरांनी सगळ्यांच्या रेघा एकीखाली एक मोठ्या करून दाखवल्या. सगळ्यात वर त्यांची स्वतःची.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या.

"सगळ्या रेघा एकमेकींवर ठेवता येतील?"

सरांनी ठेवल्या. सगळ्या मिळून एकच रेघ झाली. जरा जाड.

"बघा," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज कुठेतरी अडखळला. "एकजीव संघ."

"ते दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्या एकाच क्षणी झोपतात. एकाच क्षणी कुशीवर वळतात. इथे बघा, सगळ्यांना एकदम शिंक आली असावी. आणि पहाटे सगळ्या उठून दगडासारख्या बसतात. शिस्त म्हणायची ही?"

"शिस्त," सर क्षीणपणे म्हणाले.

नेमकी त्याच वेळी आत्या धुतलेल्या टॉवेलांची चळत घेऊन आत आली. ऊन केव्हाच वर आलं होतं, मौन संपलं होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिची डावी बाही टॉवेलांच्या ओझ्याने वर सरकली होती, आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोऱ्या कातडीवर पट्ट्यांचे वळ उठले होते, एकाखाली एक, शिडीसारखे.

"आत्या," डॉक्टर म्हणाल्या, "मला एक सांगा."

आता आत्याला विचारणार. ती खरं सांगणार. मग सर तिलाही त्याच बसने पाठवणार, सगळ्या मुलींच्या पोटऱ्या ज्या हातांवर उभ्या होत्या त्या हातांना. भिंगरीला ते बघवलं नसतं. ती उठून उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे पडली.

"तिला नका विचारू. घड्याळ माझं होतं. मीच तिला दिलं. मला इथे आल्यापासून झोप नाही. मला पाठवा खाली, आत्याला नको."

भिंगरीला वाटलं, संपलं. तोच शेजारची जिराफ उठली, आणि ती उठायला नेहमीच वेळ लागायचा.

"तिचं काय म्हणून असेल?" जिराफ म्हणाली. "घड्याळ माझं होतं."

"तुझं?"

"माझं."

"अगं, मी दिलं होतं."

"मीही दिलं होतं."

"मीपण," पावाला दंतमंजन लावणारी कोपऱ्यातून म्हणाली. मग गाईची माफी मागणारी. मग उरलेल्या. प्रत्येक जण उठायची, आपण एकटीच पापी असं तोंड करून बोलायची, आणि शेजारणीकडे बघून तिचं तोंड उघडंच राहायचं. शेवटी बसलेलं असं कुणी उरलं नाही.

डॉक्टरांनी ओठ इतके दाबले होते की ते दिसेनासे झाले. त्यांनी चादरीवरच्या सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. तीही तळ्यासारखीच होती.

"आणि सर, ही?"

सरांनी घसा खाकरला. आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांच्याकडेच बघत होती, अगदी मायेने.

"आत्या," सर म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका."

"विचारल्याशिवाय नाही बोलणार, मास्तर," आत्या म्हणाली. "तसा शब्दच दिलाय मी तुम्हाला. फक्त तुमचं ते पायाला बांधावं लागतं. हातावर जागा उरली नाही."

आधी कोण हसलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बहुतेक सरच. ते खुर्चीत बसले, टेबलावर डोकं ठेवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मुलींना वाटलं, रडताहेत, म्हणून त्या धावल्या, तर सर डोळे पुसत म्हणत होते, "ब्रश फुंकला मी. ब्रश." मग मात्र बांध फुटला. जिराफ भिंतीला टेकून सरकत सरकत खाली बसली. भिंगरीला श्वास पुरेना, आणि या डोंगरावर पहिल्यांदाच तिला त्याची भीती वाटली नाही.

सगळे दमले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

"हवा विरळ आहे, एवढंच आहे हो. जागेपणी तुम्ही ते निभावता. झोपेत शरीर आधी भराभर श्वास घेतं. मग त्याला वाटतं, पुष्कळ झाला, आता पुरे. म्हणून ते थांबतं. थांबलं की मेंदू दचकतो आणि तुम्हाला हलवून जागं करतो. रात्रभर तोच खेळ. यात ना आळस ना भित्रेपणा. हळूहळू बहुतेकांचं सुधारतं, पण झोप मोडलेल्या पोरींना दुप्पट पळवून नाही सुधारत. आणि झोप मोडली म्हणून कुणाला शर्यतीतून काढायचं, तर या खोलीत फक्त आत्याच पळू शकेल."

"मी नाही बाई पळत," आत्या म्हणाली.

सरांनी त्या दिवशी तीन गोष्टी केल्या. आत्याची माफी मागितली. खाली पाठवलेल्या मुलीला फोन केला आणि बराच वेळ उभ्यानेच बोलले. आणि सगळ्यांना घेऊन खालच्या गावातल्या विश्रामगृहावर उतरले. "आधी झोपा," ते म्हणाले. "मग पळा. जागा पाय ठरवतील, घड्याळ नाही." बसमध्ये ते स्वतः पहिल्या वळणालाच घोरायला लागले.

खाली हवा पायसासारखी दाट होती. पोरी जेवायच्या, झोपायच्या, उठून पुन्हा जेवायच्या. दार वाजलं तर कुणाला कळायचं नाही. भिंगरी एकदा मोजा घालता घालता झोपली आणि उठली तेव्हा मोजा अर्धाच होता, उजाडलं मात्र होतं.

निवडीची धाव नदीकाठच्या रस्त्यावर होती, गाड्या सुरू व्हायच्या आत. उजेड फटफटीत झाला होता, पण समोरचा डोंगर उंच, त्यामुळे सूर्य अजून वर आला नव्हता. खाली पाठवलेली ती मुलगीही आली होती, आणि धाव बघायला डॉक्टरही. शेवटच्या रेघेवर फीत बांधायची सर विसरले होते. म्हणून विश्रामगृहाची कपडे वाळत घालायची दोरी आणली, एक टोक दिव्याच्या खांबाला बांधलं, दुसरं आत्याच्या हातात दिलं. आत्या मौनात होती. तिने मुकाट्याने दोरी धरली.

पहिल्या दोघी पुढे निघून गेल्या, ते सगळ्यांना अपेक्षितच होतं. ती खाली पाठवलेली मुलगी पुलापर्यंत चांगली टिकली, मग मागे पडली. उरल्या भिंगरी आणि जिराफ. भिंगरी पुढे, जिराफ तिच्या खांद्यामागे, एवढ्या जवळ की तिचा श्वास भिंगरीच्या कानावर पडत होता. आणि तो श्वास भिंगरीला पाठ होता. किती रात्री ती तोच ऐकत पडली होती. आता भराभर. आता हळू. ही काही तरी साठवतेय. मागे वळून बघायची गरजच नव्हती. दोरी दिसायला लागली, आणि कानाशी जिराफच्या नाकात तो बारीक सुसकारा झाला.

आता लांब श्वास घेईल, आणि सुटेल.

भिंगरी त्याआधीच सुटली. जिराफचे पाय वाऱ्यासारखे आले, बरोबरीला आले, दोघींच्या अंगाला दोरी लागली आणि दोघी गवतात जाऊन पडल्या.

"कोण?" भिंगरीने पडल्यापडल्या विचारलं.

तिने मान वर केली. सरांचा चेहरा पडला होता.

"मला नेमकी जांभई आली," ते म्हणाले. "इतक्या दिवसांनी नीट झोपलो, जांभया थांबतच नाहीत. डॉक्टर, तुम्ही?"

"तुमची बघून मला आली," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं.

मग सगळ्यांनी मिळून आत्याकडे पाहिलं. आत्या दोरी धरून उभी होती. तिने डोंगराकडे पाहिलं. सूर्य नव्हता.

"आत्या, नुसतं बोट दाखवा," सर अजिजीने म्हणाले.

आत्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"राहू द्या, सर," जिराफ म्हणाली. "थांबू की. ती भिंगरीची आत्या असली तरी खोटं नाही सांगायची."

म्हणून अख्खा संघ रस्त्याच्या कडेला बसून डोंगराच्या कडेकडे बघत राहिला. भिंगरी मात्र आत्याकडे बघत होती. तिला तो लग्नातला फोटो आठवत होता. आत्या उभ्याउभ्या झोपते. तिच्या चेहऱ्यावर आत्ताही तश्शीच शांती होती.

"तुला कसं कळलं मी आता सुटणार ते?" जिराफने हळूच विचारलं.

"तू नाकात सुसकारा टाकतेस आधी."

"ते तर मी झोपेत करते, आई म्हणते."

"माहीत आहे. तू श्वास थांबवलास की पुन्हा घेईपर्यंत मी जागी असायचे. रोज."

जिराफ तिच्याकडे वळली. "तू थांबवलास की तुझा पायाचा अंगठा ताठ होतो. मी अंगठ्याकडे बघत जागी असायचे. वाटायचं, हिला काही झालं तर हिच्या आत्याला काय तोंड दाखवू."

"म्हणजे मी तुझ्यासाठी जागी, आणि तू माझ्यासाठी."

"आणि आपली झोप आत्याकडे," जिराफ म्हणाली, आणि दोघींना पुन्हा हसू लोटलं. तेवढ्यात डोंगराच्या कडेवर सोन्याचा एक ठिपका फुटला.

आत्याने हात जोडले. मग ती वळली.

"आत्या," सर म्हणाले, "पुढे कोण होतं?"

"पाय जिराफचा होता पुढे," आत्या म्हणाली.

भिंगरीने डोळे मिटले.

"पण दोरी ओढली गेली ती भिंगरीच्या छातीने. पाय आला तो दोरीच्या खालून."

"शर्यतीत छाती धरतात," सर म्हणाले, आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. जिराफने भिंगरीला गवतातून उचललं, सरळ खांद्यावर टाकलं, आणि गोल गोल फिरवलं. राखीव म्हणून तीही जाणार होती. खोली दोघींत एकच मिळेल, सर म्हणाले, तेव्हा दोघी एका सुरात "नको" म्हणाल्या.

चक्कर थांबल्यावर भिंगरी झोकांड्या खात आत्यापाशी आली. तिला राहवलं नाही.

"आत्या, खरं सांग. तू डुलकी तर नव्हतीस ना काढत?"

"काढत होते," आत्या दोरी गुंडाळत म्हणाली. "पण तुमच्या दोघींच्या श्वासांनी जाग आली."